जांभ्याचे बारसे करणारा डॉक्टर

मालवणातल्या कुठल्याही जुन्या घरात शिरावे. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात. चुलीच्या निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजले जात असतात आणि डब्यातल्या मसाल्याला तमालपत्राचा वास असतो. या तिन्ही गोष्टी इतक्या आपल्या, की त्यांच्याशी कुणा परक्याचा संबंध असेल हे मनातही येत नाही. तरीही जगाच्या शास्त्रीय दप्तरात या तिन्हींच्या खात्यावर एकाच माणसाचे नाव लागलेले आहे. जांभ्याला लॅटराइट हे नाव त्याने दिले. बोंबलाच्या शास्त्रीय नावापुढे हॅमिल्टन, १८२२ असे लिहितात, तो हाच. तमालपत्राच्या झाडाच्या लॅटिन नावापुढे बुकॅनन-हॅमिल्टन अशी जी खूण येते, तीही त्याचीच. हा माणूस पेशाने डॉक्टर होता, जन्माने स्कॉटिश होता, नोकरीने ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि मालवणच्या किनाऱ्यावर त्याचे पाऊल कधीच पडले नाही. त्याचे नाव फ्रान्सिस बुकॅनन.

त्याचे चरित्र आज आठवायचे कारण तो दगड आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात खनिजे पुष्कळ आहेत. रेडीचे लोखंड आहे, कणकवलीकडचे क्रोमाइट आहे, काचेला लागणारी सिलिका वाळू आहे. पण या जिल्ह्याचे रूप ठरवले ते जांभ्याने. आपले सडे जांभ्याचे, गडगे जांभ्याचे, विहिरी जांभ्यात खोदलेल्या, देवगडच्या हापूसची कलमे जांभ्यात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांत वाढलेली. ज्या दगडावर आपण जन्मभर वावरतो त्याला जगाच्या पुस्तकात जागा कशी मिळाली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी.

फ्रान्सिस बुकॅननचा जन्म १५ फेब्रुवारी १७६२ रोजी स्कॉटलंडमधल्या पर्थशायर परगण्यात, कॅलेंडर गावाजवळ झाला. वडील डॉक्टर. आई हॅमिल्टन नावाच्या जमीनदार घराण्यातली. घरात जमीनजुमला होता, पण तो थोरल्या मुलांकडे जाणार आणि धाकट्याने आपले पोट आपण भरायचे हा तिथला रिवाज. फ्रान्सिस धाकटा. त्याने ग्लासगोत पदवी घेतली आणि १७८३ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय हिवताप. पुढे ज्या देशात आयुष्याची वीस वर्षे काढायची, तिथल्या दुखण्याचा अभ्यास त्याने जणू आधीच करून ठेवला होता.

एडिंबऱ्यात त्याला जॉन होप नावाचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक भेटले. स्वीडनच्या लिनिअसने प्राणी आणि वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे देण्याची जी पद्धत रूढ केली, ती ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या पहिल्या काही लोकांत होप होते. औषधी झाडे ओळखता यावीत म्हणून त्या काळी डॉक्टरांना वनस्पतिशास्त्र शिकावे लागे. बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरते शिकत आणि विसरत. बुकॅननला त्याचे वेड लागले. दिसलेल्या वस्तूचे नीट वर्णन करावे, तिला नाव द्यावे, नोंद करावी, ही सवय त्याला तिथे जडली आणि ती मरेपर्यंत सुटली नाही.

पदवी हाती आली तरी नोकरी नव्हती. मग तो जहाजावरचा डॉक्टर झाला. मुंबई आणि चीन यांच्या दरम्यान जाणाऱ्या जहाजांवर, नंतर कोरोमंडल किनाऱ्यावर त्याने फेऱ्या केल्या. कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय खात्यात त्याला जागा मिळाली ती १७९४ मध्ये. तेव्हा वय बत्तीस. आपल्याकडे या वयात माणूस बढतीची वाट पाहत असतो. हा तेव्हा सहायक शल्यवैद्य म्हणून सर्वांत खालच्या पायरीवर उभा होता.

दुसऱ्याच वर्षी, १७९५ मध्ये, कंपनीने मायकेल साइम्स याला वकील म्हणून ब्रह्मदेशच्या राजाकडे पाठवले. त्याच्याबरोबर डॉक्टर म्हणून बुकॅनन गेला. ब्रह्मदेश म्हणजे माणकांचा देश. युरोपातल्या राजवाड्यांत जी उत्तम लाल माणके होती, त्यांतली पुष्कळशी तिथल्याच खाणींतली. जाणारा प्रत्येक गोरा मनात माणकांचे स्वप्न घेऊन जाई. बुकॅनन परतला तो झाडांची वर्णने, नकाशे आणि तिथल्या लोकांच्या भाषांचे व चालीरीतींचे टिपण घेऊन. त्याची पुढची वर्षे पाहिली म्हणजे वाटते, की मौल्यवान वस्तूपेक्षा रोजच्या वस्तूकडेच त्याचे लक्ष अधिक जाई.

पुढे बंगालमधल्या लक्ष्मीपूर इथे त्याची नेमणूक झाली. ते नद्यांचे, खाड्यांचे मुलूख. तिथे त्याने मासे पाहायला सुरुवात केली. कोळ्यांना विचारायचे, जाळ्यातला मासा ताजा असतानाच त्याचे रंग, पर, खवले लिहून घ्यायचे आणि त्याचे स्थानिक नाव टिपायचे. १७९८ मध्ये मसाल्याच्या लागवडीला योग्य जमीन शोधण्यासाठी त्याला चितगाव आणि त्रिपुराकडे पाठवले. हळूहळू कलकत्त्याच्या वरिष्ठांच्या ध्यानात आले, की हा डॉक्टर रोग्यांपेक्षा मुलूख तपासण्यात अधिक तरबेज आहे.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. म्हैसूर, कानडा आणि मलबार हे सगळे दक्षिणेकडचे प्रांत कंपनीच्या हाती किंवा प्रभावाखाली आले. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याला आता जिंकलेल्या मुलखात काय काय आहे याची यादी हवी होती. बँकेत एखादी बुडालेली पेढी ताब्यात आली म्हणजे पहिल्यांदा मालमत्तेचा तपशील मागतात, तसाच हा प्रकार. फेब्रुवारी १८०० मध्ये बुकॅननला हुकूम मिळाला. शेती, गुरे, कापूस, मिरी, चंदन, वेलची, कारागिरी, हवामान, लोकांची स्थिती हे सगळे पाहायचे होते. त्या यादीत खाणी, दगड आणि खनिजे यांचेही कलम होते.

२३ एप्रिल १८०० रोजी तो मद्रासहून निघाला आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत परत आला. सव्वा वर्ष. त्या प्रवासाची रोजनिशी पुढे तीन खंडांत छापली गेली. मी बँकेच्या नोकरीत असताना आणि नंतरही ती अनेकदा चाळली आहे. कादंबरीकार म्हणून ती वाचताना कंटाळा येतो हे खरे. निसर्गाची रसाळ वर्णने तिच्यात नाहीत. पण बँकेतला माणूस म्हणून वाचली तर ती हातातून सुटत नाही. नांगराला बैल किती, बियाणे किती, पीक किती, सारा किती, मजुराला काय मिळते, विणकराला आगाऊ पैसे कोण देतो, सावकार व्याज काय घेतो. बुकॅनन प्रत्येक मुक्कामी हेच विचारतो. एकाच्या उत्तरावर विसंबत नाही, दुसऱ्याला विचारतो आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तसे लिहितो.

त्याला साधुपुरुष ठरवण्याचे कारण नाही. तो जेत्यांचा माणूस होता. त्याच्या नोंदी सारा ठरवायला आणि व्यापार वाढवायला वापरल्या जाणार होत्या, हे तो जाणून होता. इथल्या धर्माविषयी, विशेषतः ब्राह्मणांच्या पुराणकथांविषयी, तो फार तुसडेपणाने लिहितो. गावकरी आपल्यापासून उत्पन्न लपवतात म्हणून कुरकुरतो. परक्या सरकारच्या माणसापासून ते का लपवणार नाहीत, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही. पण एक गुण त्याच्यात निर्विवाद होता. हाताने काम करणाऱ्या माणसाला त्या कामातले कळते, एवढे तो मानत असे. लॅटराइटचा शोध याच गुणातून लागला.

१८०० सालच्या डिसेंबरात तो मलबारात पोचला. मुलूख अस्वस्थ होता. पळशी राजाचे बंड पेटत होते. आजच्या केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अंगाडिपुरम नावाचे गाव आहे. त्या परिसरात बुकॅननने घरांसाठी दगड काढण्याचे काम पाहिले. पाथरवट जमिनीतून टिकावाने चौकोनी तुकडे सोडवीत होते आणि थापी किंवा मोठ्या सुरीसारख्या हत्याराने हवा तसा आकार देत होते. दगड लोण्यासारखा कापला जात होता. तोच दगड उघड्यावर काही काळ राहिला, की विटेसारखा कठीण होई आणि ऊनपावसाला भाजलेल्या विटेपेक्षा चांगला टिके.

आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला यात नवल वाटणार नाही. चिरा खाणीतून निघाला की त्याला वारा लागू द्यावा, मग बांधकामाला घ्यावा, हे कोकणात वाडवडिलांपासून चालत आलेले शहाणपण आहे. पण युरोपात दगडांचे शास्त्र तेव्हा नुकते बाळसे धरत होते. जगातले खडक पाण्यातून तयार झाले की अग्नीतून, यावर तिथले पंडित हमरीतुमरीवर येत होते. त्यांच्या संग्रहात असा दगडच नव्हता, जो जमिनीत मऊ असतो आणि बाहेर काढल्यावर कडक होतो. बुकॅननने तो नीट पाहिला. त्याच्यात थर नाहीत, तो पोकळ्यांनी आणि छिद्रांनी भरलेला आहे, लाल आणि पिवळ्या गेरूच्या रूपात त्याच्यात पुष्कळ लोखंड आहे, आणि तो खालच्या ग्रॅनाइटसारख्या खडकावर पसरलेला आहे, अशी टिपणे त्याने केली.

मग त्याने तिथल्या लोकांना विचारले, की याला तुम्ही काय म्हणता. त्यांनी सांगितले, इट्टिका कल्लू. म्हणजे विटेचा दगड. माती धुऊन जाऊन जिथे तो उघडा पडतो आणि काळा होतो तिथे त्याला तमिळमध्ये शुरी कल म्हणजे खरजेचा दगड म्हणतात. बुकॅननने पहिले नाव उचलले आणि लॅटिनमध्ये नेले. लॅटिनमध्ये विटेला लेटर म्हणतात, त्यावरून लॅटराइट. १८०७ मध्ये त्याचे पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले आणि हा शब्द जगभर गेला.

या नामकरणात आपल्याला आणखी एक गंमत दिसते. मल्याळी इट्टिका हा संस्कृत इष्टकेचा अवतार. आपली मराठी वीटही त्याच इष्टकेपासून आलेली. पंढरीच्या पायाखालची वीट आणि अंगाडिपुरमच्या पाथरवटाची इट्टिका ही सख्खी भावंडे. पुढे विसाव्या शतकात मातीच्या अभ्यासकांनी या जातीच्या मऊ, पण वाळल्यावर कायमच्या कडक होणाऱ्या थराला प्लिन्थाइट असे नाव दिले. ते ग्रीक शब्दावरून, आणि त्याचा अर्थही वीटच. एका अनाम मजुराने दिलेली उपमा भाषा बदलत बदलत दोनशे वर्षे चालली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७९ मध्ये अंगाडिपुरम इथे स्मारकशिला बसवली आणि ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरली. त्या शिलेवर नाव अर्थातच बुकॅननचे आहे.

मलबारातून तो किनाऱ्याने उत्तरेकडे निघाला. १८०१ च्या सुरुवातीला मंगळूर, होन्नावर, गोकर्ण, अंकोला करत कारवारच्या मुलखात आला आणि तिथून घाट चढून हल्याळकडे वळला. कारवारपलीकडे पोर्तुगीजांचा गोवा होता. त्यापलीकडे सावंतवाडीकरांचे राज्य आणि मालवणला कोल्हापूरकर छत्रपतींचा अंमल. मालवण कंपनीकडे गेले ते १८१२ मध्ये. म्हणजे बुकॅननला दिलेल्या कामाची हद्द आपल्या उंबरठ्याच्या थोडी अलीकडेच संपली. तो आणखी पाच-सहा मुक्काम पुढे आला असता, तर इट्टिकेच्या जोडीला जांभा हा शब्दही त्याच्या वहीत गेला असता.

जांभा कसा होतो, हे बुकॅननला माहीत नव्हते आणि त्याने माहीत असल्याचा आवही आणला नाही. त्याच्यानंतर शंभर वर्षे वाद चालला. कुणी म्हणे ही ज्वालामुखीची राख, कुणी म्हणे समुद्राचा गाळ. शेवटी जे मान्य झाले ते असे: जांभा हा मूळ खडक नव्हे. तो खडकाचा उरलेला भाग आहे. उष्ण हवा, धो धो पाऊस आणि त्यामागून कडक उन्हाळा अशा चक्रात लाखो वर्षे सापडलेल्या खडकातून चुना, सोडा, पोटॅश, मॅग्नेशिया आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते. जे विरघळत नाही ते मागे राहते: लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे आणि थोडी चिकणमाती. लोखंडामुळे रंग लाल-जांभळट. ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढले, की त्यालाच बॉक्साइट म्हणतात. मॅक्स बाउअर या जर्मन अभ्यासकाने १८९८ मध्ये सेशेल्स बेटांवरच्या लॅटराइटात ॲल्युमिनियमचे हे रूप दाखवून दिले, तेव्हा चित्र पुष्कळ स्पष्ट झाले.

इथे ब्रह्मदेशच्या माणकांची आठवण होते. माणिक आणि नीलम ही रत्ने म्हणजे मुळात ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच. जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब यांनी त्याचे स्फटिक झाले आणि त्यात क्रोमियमचा अंश मिसळला की माणिक. तेच ॲल्युमिनियम पावसाने खडकातून निवडून सड्यावर ठेवले की जांभा किंवा बॉक्साइट. जांभ्यात लोखंडाची जी खनिजे असतात त्यांत गोथाइट नावाचे एक आहे. कवी गटे यांना खनिजांचा छंद होता, त्यांच्या सन्मानार्थ ते नाव १८०६ मध्ये दिले गेले. आपल्या गडग्याच्या दगडात जर्मनीच्या महाकवीचे नाव दडले आहे, हे ऐकून आपल्या दशावतारी नाटकातला संकासुरसुद्धा क्षणभर गप्प बसेल.

कापल्यावर दगड कडक का होतो, याचेही उत्तर त्यातच आहे. जमिनीत तो ओलसर असतो. बाहेर आल्यावर पाणी निघून जाते, लोखंडाची खनिजे घट्ट स्फटिकरूप घेतात आणि एकमेकांना बांधतात. पुन्हा भिजवला तरी तो पूर्वीसारखा मऊ होत नाही. पण म्हणून तो अमर नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि आतला जांभा उघडा पडला. प्रवाशांना ती लाल भिंत आवडते, पण पावसाच्या माऱ्याने तिची झीज होते आहे. आपले जुने लोक चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा लेप देत आणि पावसाळ्यात बाहेरून झडपा बांधत, त्यात शोभेचा भाग थोडाच होता.

बुकॅननच्या आयुष्याकडे परत जाऊ. १८०२ मध्ये तो नेपाळला गेला, वर्षभर राहिला. कलकत्त्याजवळ बराकपूरला वेलस्लीने पशुपक्ष्यांचा जो संग्रह उभारला त्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. तिथे हलुदार नावाचा बंगाली चित्रकार त्याच्यासाठी प्राण्यांची चित्रे काढी. मग १८०७ पासून सात वर्षे त्याने बंगाल आणि बिहारमधल्या जिल्ह्यांची पाहणी केली: दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा, शहाबाद आणि शेवटी गोरखपूर. हिवाळ्यात गावोगाव फिरायचे, पावसाळ्यात बसून लिहायचे. माणसे, घरे, जेवण, रोग, जत्रा, भग्न देवळे, दगड, मासे, सारे काही. त्या काळच्या पूर्व भारताचे इतके तपशीलवार चित्र दुसऱ्या कुणी काढलेले नाही आणि इतिहासकारांना आजही त्याच्याकडे जावे लागते.

१८१४ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुखपद त्याला मिळाले. त्याचा मित्र विल्यम रॉक्सबर्ग याच्यानंतर. ज्या जागेसाठी तो वर्षानुवर्षे झुरला ती मिळाली तेव्हा शरीर थकले होते. काही महिन्यांतच, १८१५ च्या सुरुवातीला, तो मायदेशी निघाला. निघताना त्याला आपली चित्रे बरोबर न्यायची होती. मासे, पक्षी, प्राणी यांची, डोळ्यांसमोर काढून घेतलेली. गव्हर्नर जनरलने ती अडवली. चित्रे सरकारची, ती कलकत्त्यातच राहतील असा हुकूम झाला. हा गव्हर्नर जनरल म्हणजे पुढे पेशवाई बुडवणारा लॉर्ड हेस्टिंग्ज. कायद्याने त्याचे बरोबर असेलही. कागद सरकारचा, चित्रकाराचा पगार सरकारचा. पण वीस वर्षांची नोकरी संपवून निघालेल्या माणसाच्या पेटीतून त्याच्या आयुष्याचे काम काढून घ्यावे, ही गोष्ट बुकॅननच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

स्कॉटलंडला गेल्यावर नशीब उलटेच फिरले. थोरला भाऊ वारला आणि आईच्या घराण्याची मालमत्ता त्याच्याकडे आली. त्यासाठी त्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले. उमेदीच्या काळात ज्या मालमत्तेने त्याला दारिद्र्यातून वाचवले असते, ती साठीच्या उंबरठ्यावर आली आणि आडनाव बदलून गेली. परिणामी त्याच्या कामाची खाती दोन नावांवर विभागली. दगडाच्या पुस्तकात तो बुकॅनन, माशांच्या पुस्तकात हॅमिल्टन, झाडांच्या पुस्तकात दोन्ही. एकाच खातेदाराची तीन नावांनी तीन खाती असली की वारसांची काय तारांबळ उडते, हे बँकेत काम केलेल्या कुणालाही विचारावे.

चित्रे नव्हती तरी टिपणे होती. त्यांवरून आणि हाताशी उरलेल्या चित्रांवरून त्याने गंगेच्या माशांवरचे पुस्तक सिद्ध केले. ते १८२२ मध्ये एडिंबऱ्याला प्रसिद्ध झाले. शास्त्राला तोवर ठाऊक नसलेले शंभराहून अधिक मासे त्यात आले. रोहू, कटला, हिलसा आणि आपला बोंबील त्यांतलेच. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याच्यावर संशोधन चालते तो झेब्रा फिशही त्यातलाच. या पुस्तकात त्याने एक फार चांगली गोष्ट केली. कितीतरी माशांची कोळ्यांच्या तोंडची नावे त्याने शास्त्रीय नावात तशीच ठेवली. रोहिता, कटला, इलिशा ही नावे आज अमेरिकेतल्या शास्त्रज्ञालाही उच्चारावी लागतात. दगडाच्या बाबतीत त्याने लोकांचे नाव लॅटिनमध्ये उलथवले आणि मूळ नाव दडून गेले. माशांच्या बाबतीत ते तसेच राहू दिले. या दोहोंमध्ये पंधरा वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात तो माणूस काही शिकला होता, असे मला वाटते.

१५ जून १८२९ रोजी तो वारला. नंतर नऊ वर्षांनी, १८३८ मध्ये, त्याच्या बंगाल-बिहारच्या पाहणीचे तीन खंड लंडनला निघाले. मुखपृष्ठावर संपादक माँटगोमेरी मार्टिन याचे नाव ठळक होते आणि ज्याने पायपीट केली त्याचे नाव जवळजवळ नव्हतेच. कलकत्त्यात अडकलेल्या माशांच्या चित्रांचा छडा लावून त्यांचे मोल जगाला नीट समजावले ते सुंदरलाल होरा या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञाने, १९२९ मध्ये. म्हणजे बुकॅननच्या मृत्यूला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. ज्याने मजुराची उपमा आपल्या नावाने नोंदवली, त्याचे काम दुसऱ्याने आपल्या नावावर घेतले आणि त्याची बाजू सावरली ती एका हिंदुस्थानी माणसाने. इतिहासाचा हिशेब असा उशिरा, पण कधीकधी जुळतो.

आता प्रश्न आपल्या बाजूचा. ज्या दगडाची ही कथा, त्याचे आपण काय करतो आहोत? सरकारी दप्तरात जांभा हे गौण खनिज आहे. ब्रासवर मोजायचे, स्वामित्वधन भरायचे, ट्रकात भरून न्यायचे. किनाऱ्यावरच्या शाखेत असताना घरबांधणीच्या कर्जाचे कागद माझ्यापुढे येत. चिरे किती हजार लागणार, हा त्यातला पहिला आकडा असे. त्या आकड्यात गैर काही नव्हते. कोकणातल्या माणसाने कोकणातल्या दगडाचे घर बांधावे याहून योग्य काय? हाताने टिकाव मारून चिरे काढत तेव्हा खाणीचा वेगही माणसाच्या दमाइतकाच होता. आता फिरत्या पात्यांची यंत्रे आली. सडा पाव कापावा तसा कापला जातो आणि चिरे घाटापलीकडे जातात. खाण संपली की चौकोनी खड्डा उरतो, पावसात भरतो, आणि त्यात गुरे पडतात.

खालचे जे जाते ते ट्रकात दिसते. वरचे जे जाते ते दिसत नाही. सडा उन्हाळ्यात करपलेला असतो म्हणून त्याला पडीक म्हणतात. तोच सडा श्रावणात सीतेच्या आसवांनी निळा होतो आणि गेंदांनी पांढरा. जांभ्याच्या छिद्रांतून पाणी झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थरावर थांबते आणि उतारावरच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. सडा कापला की तळाच्या वाडीची विहीर मार्चमध्येच तळ गाठते. आणि सड्यावर माणसाची फार जुनी सहीही आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या कातळावर माणसे, प्राणी आणि अनाकलनीय आकृत्या कोरलेल्या आहेत. कोकणातल्या अशा नऊ स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, गोव्यातले एक आणि सिंधुदुर्गातले हे कुडोपी. त्यांतल्या बारसूचे नाव तर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे घरोघरी पोचले. ज्या मऊपणामुळे अंगाडिपुरमच्या पाथरवटाला दगड कापता आला, तोच मऊपणा जाणून कुणी तरी हजारो वर्षांपूर्वी या कातळावर हत्ती आणि मासे कोरले. बुकॅननच्या कितीतरी आधी जांभ्याचा स्वभाव ओळखणारे ते लोक.

बुकॅननने या दगडाला रत्न म्हटले नाही. त्याने विचारले, हे काय आहे, तुम्ही याला काय म्हणता आणि याचे काय करता. एवढ्या तीन प्रश्नांवर त्याचे नाव टिकले. आज सड्याचा सौदा होताना निदान हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत. सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेली ही जमीन लाखो पावसाळ्यांची शिल्लक आहे. तिच्यावर व्याज मिळते ते पाण्याच्या, फुलांच्या आणि आंब्याच्या रूपात. मुद्दल मात्र एकदाच काढता येते.